अख्खं कोनफळ

नाताळाआधीचा शनिवार होता. बाजारात अजून नीट फटफटलंही नव्हतं, तेवढ्यात शेजारच्या मिस ऑडेटने थाइमच्या जुड्या बांधता बांधता व्हेरोनाला सांगितलं, "तुमचं कोनफळ नदीच्या भिंतीशी बसलंय गं. जवळ तुमचं माणूस मात्र कुणी दिसलं नाही."

मिस ऑडेटचं हे असंच. काडी टाकायची आणि आपण पुन्हा जुड्या बांधायला लागायचं.

व्हेरोनाने आधी हसण्यावारी नेलं. आपल्या बेटावर कोनफळाच्या काय कमी जाती आहेत का, असं म्हणाली. त्यावर मिस ऑडेट म्हणाली की कापल्या जागी कडेने जांभळी रेघ आहे, बांगडीसारखी गोल, आणि आत पांढरंशुभ्र. मग व्हेरोना हसायची थांबली.

ती जांभळी बांगडी साऱ्या बाजारात फक्त लारोंदांच्या टोपलीत असायची. व्हेरोनाची पणजी एमेलिन हिने ते वाण गोऱ्याच्या मळ्यातून निघताना डोईच्या फडक्यात बांधून आणलं, म्हणून त्याचं नावही एमेलिन. नाताळात डुकराच्या मटणाबरोबर एमेलिनच हवं म्हणणारी गिऱ्हाइकं पार दक्षिण टोकापासून येत. कंद विकायचा तो वरचं डोकं कापूनच, कारण कोंब फुटतो तो डोक्याला. डोक्याला राख लावून ते घरी ठेवायचं आणि हंगामात पुरायचं. 'धड बाजाराचं, डोकं मातीचं,' असं पणजी म्हणायची म्हणे. लारोंदांनी लेकींना लग्नात पातेली दिली, शिवणयंत्रं दिली, एकीला तर गाय दिली; पण एमेलिनचं डोकं कुणाला दिलं नाही. बाकी माणसं दिलदार, एवढ्याच एका बाबतीत मूठ झाकलेली.

तेव्हा एमेलिन भिंतीशी बसलंय याचा अर्थ एकच होता. घरातल्या कुणीतरी डोकं बाहेर दिलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे व्हेरोनाने मिस ऑडेटकडून मान वळवायच्या आत ठरवूनही टाकलं.

तिची भावजय जोसलिन टोपल्यांच्या मागे बसून लाल अंबाडीची बोंडं निवडत होती. माहेर वाऱ्याकडच्या किनाऱ्यावरचं, आणि व्हेरोनाच्या मते वाऱ्याकडची माणसं हाताने सैल आणि तोंडाने घट्ट. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात दरड कोसळून लारोंदांचं वरचं रान उभ्या पिकासकट खाली गेलं. त्यानंतर जोसलिननेच चिखल उपसून थोडी डोकी शोधून काढली आणि वाण पुन्हा उभं केलं. म्हणून तर व्हेरोनाच्या आईने, मा फिलोमेनने, गेल्या रविवारी जेवताना जाहीर केलं होतं, की नवीन वर्षात वरचं रान जोसलिनच्या नावावर करायचं. मुलाच्या नाही, सुनेच्या. व्हेरोना थोरली लेक, आईबरोबर तीस वर्षं या ओट्यावर बसलेली. तिने तेव्हा मूग गिळले होते. आता ते बाहेर काढायची वेळ आली असं तिला वाटलं.

"मा," ती आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "डोकं बाहेर गेलंय. आणि रान द्यायला निघालीस तू तिला."

मा फिलोमेन एका गिऱ्हाइकाला आलं निवडून देत होती. तिने लेकीकडे पाहिलं, मग दूर भिंतीकडे पाहिलं. "आधी खात्री कर," एवढंच म्हणाली.

*

खात्री करायची कशी, हा प्रश्नच होता. बाजारातली बाई दुसरीच्या टोपलीपाशी जाऊन तिचाच माल हातात घेऊन बघत नाही. तसं केलं तर दुपारपर्यंत साऱ्या बेटाला भांडण ऐकू जातं. भावाला, जोसलिनच्या नवऱ्याला, आल्फर्डला पाठवावं, तर त्याचा ट्रक आणि तो, दोन्ही सगळ्यांच्या ओळखीचे. राहिली मार्सेला.

मार्सेला सगळ्यांत धाकटी. एकोणिसाव्या वर्षी लंडनला गेली ती या नाताळला आलेली. ती उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून कोको-टी पीत होती आणि मीठ आहे का कुणाकडे, असं विचारत होती.

"कोकोत मीठ?" आल्फर्डने विचारलं.

"पा घालायचे की. चिमूटभर. मी तिथेही तसाच पिते."

पा म्हणजे वडील, ओक्टाव लारोंद. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. व्हेरोनाने मिठाची पुडी तिच्या हातात कोंबली आणि म्हणाली की पी पटकन आणि जा, तुला कुणी ओळखत नाही, ती तुझी टोपी घाल आणि एक कोनफळ विकत घेऊन ये.

मार्सेलाला गंमत वाटली. ती टोपी सारखी करून निघाली.

*

जोसलिनचे हात अंबाडीत होते, पण बोंडं आणि देठ दोन्ही एकाच टोपलीत पडत होते. भिंतीशी कोण बसलंय ते तिने ट्रकमधून उतरतानाच पाहिलं होतं. सेराफीन येणार हे तिला ठाऊक नव्हतं. येणार नाही असंच ती धरून चालली होती.

चिखलातून एकही डोकं निघालं नव्हतं, ही खरी गोष्ट. आठवडाभर तिने उपसलं होतं. मग वाऱ्याकडे माहेरच्यांना बघायला गेली, तर तिथल्या शाळेत आसऱ्याला आलेल्या माणसांचा स्वयंपाक चालला होता आणि एक बाई कोनफळ सोलत होती. सालीखाली जांभळी बांगडी. जोसलिन तिथेच मटकन बसली होती. त्या बाईने तिला पाणी दिलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर चाकू खाली ठेवला.

मग सगळं कळलं. ती सेराफीन. पा ओक्टाव ट्रकने केळी घेऊन वाऱ्याकडे जायचे त्या दिवसांतली त्यांची मुलगी. तिच्या आईला त्यांनी एक डोकं आणून दिलं होतं, पोरीसाठी आणलेल्या पैशांपेक्षा तेच तिला जास्त वाटलं होतं म्हणे. सेराफीनने केळीच्या पानात गुंडाळून पाच-सहा डोकी जोसलिनला दिली आणि म्हणाली, माझं नाव सांगू नकोस, माझ्या आईने शपथ घातली आहे की ती असेपर्यंत मी त्या बाजारात पाय ठेवायचा नाही, तुझ्या सासूच्या डोळ्यांसमोर जायचं नाही.

जोसलिन घरी आली आणि चिखलात सापडली म्हणाली. सासूने एकेक डोकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि राखेचा डबा पुढे सरकवला. त्या दिवसापासून जोसलिनला वाटत होतं की आज विचारतील, उद्या विचारतील. कुणी विचारलं नाही. उलट रान द्यायला निघाले. आता खरं बोलावं तर मेलेल्या सासऱ्याची अब्रू जाते, सासूच्या जिवाला लागतं. गप्प बसावं तर डोकं बाहेर देणारी म्हणून तिचंच नाव होतं आणि रान जातं. सेराफीन इथे दिसली याचा अर्थ तिची आई गेली असणार, हेही तिच्या मनात आलं, आणि वाईट वाटलं.

*

मार्सेलाला भिंतीशी पोचायला वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येक टोपलीशी तिला थांबावंसं वाटत होतं. नीरफणस, जायफळाची लालभडक जायपत्री, पानात बांधलेले खेकडे. लंडनमध्ये ती हे सगळं डोळे मिटून आठवायची, आणि आता डोळ्यांसमोर होतं तर कशाचा भाव काय हेही तिला माहीत नव्हतं.

भिंतीशी बसलेली बाई चाळिशीची असेल. अंगावर सुतकातला पांढरा झगा, पुढ्यात पोत्यावर मोजकीच कोनफळं. सगळी बिनडोक्याची, कापल्या जागी राख. जांभळी रेघ अगदी तीच. मार्सेलाने टोपीखालून, बोटीवरून उतरलेल्या परदेशी बायका विचारतात तसं, हे काय असतं म्हणून विचारलं. बाईने भाव सांगितला तोही बोटीवरच्या बायकांचाच.

तो ऐकून मार्सेलाला हसू फुटलं. आणि ती हसल्यावर ती बाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली.

मग तिने पोत्यामागून एक कोनफळ काढलं. मोठं, अजून कापायचं होतं ते. वरचं डोकं जसंच्या तसं. वर्तमानपत्रात गुंडाळून तिने ते मार्सेलाच्या हातात दिलं. पैसे घेईना.

"हे असंच न्या," ती म्हणाली. "घरच्या माणसाला अख्खं द्यायचं असतं."

"तुम्ही ओळखता मला?"

"तुम्हाला नाही. तुमच्या दातांना ओळखते."

मार्सेलाच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणी शाळेत पोरं त्यावरून चिडवायची आणि पा म्हणायचे, असू दे, लारोंदांची खिडकी आहे ती. हे त्या बाईला कसं ठाऊक, असं विचारायला तिने तोंड उघडलं, तर बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. घाबरल्यासारखी वाटली.

*

कोनफळ ओट्यावर आलं तेव्हा ते उघडून बघायला चौघं वाकली आणि मिस ऑडेट पाचवी. अख्खं कोनफळ या ओट्यावर कुणी कधी पाहिलंच नव्हतं. मार्सेलाने त्या बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, दातांचंही सांगितलं. डोक्याचं महत्त्व तिला कळत होतं. पण तिला जास्त ओढ लागली होती ती त्या बाईचीच. कोण असेल ती?

व्हेरोनाला काही ते ऐकू आलं नाही. तिला डोकं दिसलं आणि बस. ती जोसलिनकडे वळली आणि तीस वर्षांत ओट्यावर कधी चढला नव्हता तो तिचा आवाज चढला. घरचं माणूस म्हणे! तुझंच कुणी दिसतंय माहेरचं. चिखल उपसायचा, वाण आपल्या हाती घ्यायचं, माहेरी पोचवायचं आणि वर रानही घ्यायचं. आल्फर्ड बायकोची बाजू घेऊन उभा राहिला. बहिणीने डोळे वटारल्यावर तो ट्रकची बाजू घेऊन उभा राहिला. मार्सेला म्हणाली की थांब गं ताई, तिचं ऐकून तरी घे. व्हेरोना म्हणाली की वर्षानुवर्षं लंडनला राहून इथली पंचाईत करू नकोस.

जोसलिनने हात झग्याला पुसले. तिने व्हेरोनाकडे पाहिलंच नाही, सासूकडे पाहिलं.

"मा, चिखलातून काही निघालं नव्हतं. एकही डोकं नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी. आपलं वाण संपलं होतं. जे आज टोपलीत आहे ते तिच्याकडून आणलंय."

"तिच्याकडे कुठून आलं?" व्हेरोनाने विचारलं.

जोसलिनचे डोळे भरून आले. इतका वेळ ज्याला अडवून धरलं होतं ते आता ओठांवर आलं होतं, आणि ते सासूच्या तोंडावर कसं फेकायचं हे तिला सुधरत नव्हतं.

"तिला कशाला विचारतेस?" मा फिलोमेन म्हणाली. "मला विचार."

*

मा फिलोमेनने ते अख्खं कोनफळ मांडीवर घेतलं. आजूबाजूच्या बायकांनी आपापल्या गिऱ्हाइकांना थांबवून कान इकडे लावले होते, पण ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती.

"जोसलिन डोकी घेऊन आली ना, त्या दिवशीच मला कळलं. मी तिरकं कापते. माझ्या सासूने तसं शिकवलं, तिला एमेलिनने. त्या डोक्यांचा काप सरळ होता, करवतीने लाकूड कापावं तसा. असं कापणारा माणूस आमच्या घरात एकच होता. त्याला मी हजारदा सांगितलं, त्याला जमलं नाही ते नाहीच. आणि तो तर तेव्हा थडग्यात होता. मग हा काप शिकलं कोण, एवढंच मला कळायचं राहिलं होतं."

व्हेरोना ओट्याच्या कडेवर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग होता तिथे काय आलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"तुला ठाऊक होतं?" मार्सेलाने विचारलं. "ती आहे, हे?"

"मूल आहे हे ठाऊक होतं. पोरगा की पोरगी, ते विचारलं नाही. तेव्हा जो काय त्रास करून घ्यायचा तो घेतला, चर्चमध्ये बसून रडले, मोकळी झाले. माणूस होता, ट्रक होता, वाऱ्याकडची वाट होती. पण माझ्या चुलीमागचं डोकं उचलून त्याने तिकडे नेलं!" इथे तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "ते मला दोन वर्षं लागलंय. आणि कुणाजवळ बोलायची सोय नाही. बोलले तर व्हेरोना म्हणणार, पांनी असं केलंच नसेल. जोसलिन म्हणणार, मा, माझ्यामुळे. म्हटलं आपणहून येऊ दे. दर शनिवारी त्या भिंतीकडे बघते. कधीतरी येणारच ती, माल चांगला असेल तर बाजाराला यावंच लागतं."

"मग आता?" व्हेरोना कशीबशी म्हणाली.

"आता काय? त्याने नेलं नसतं तर आज आपल्या टोपलीत काय असतं गं? कोबी?"

मिस ऑडेटच्या तोंडून हसू निसटलं. तिने ते थाइममध्ये लपवलं.

"आणि रानाचं मी रविवारी बोलून चुकले," मा फिलोमेन म्हणाली. "मला दोनदा बोलायला लावू नका. जोसलिन, अंबाडीत देठ पडलेत सगळे, ते आधी काढ."

असं म्हणून तिने कोनफळ काखेत धरलं, सुरी हातात घेतली आणि ती उठली. गुडघे धरून उठायला तिला वेळ लागला. मग सरळ भिंतीच्या दिशेने चालायला लागली.

हातात सुरी, चाललीय सवतीच्या मुलीकडे. अख्खा बाजार थांबला. माशांच्या बाजूचे लोकसुद्धा येऊन उभे राहिले. आल्फर्ड मागे धावणार होता, मार्सेलाने त्याला हात धरून थांबवलं.

सेराफीनने तिला येताना पाहिलं आणि ती उभी राहिली. पळून जाईल असं वाटलं. पण पाठीशी भिंत होती. मा फिलोमेन तिच्या पोत्यापाशी आली, तिला नखशिखांत न्याहाळलं, आणि तिचंच खोकं ओढून त्यावर बसली.

"तुझी आई कधी गेली?"

"ऑगस्टमध्ये."

"हं. बस खाली. हे कापायला तुला त्यांनी शिकवलं ना?"

सेराफीनने मान हलवली.

"तेच म्हणते. सरळ कापलं की पाणी साचतं, निम्मी डोकी कुजतात. कुजतात ना?"

"कुजतात," सेराफीन म्हणाली. "दर वर्षी."

"बघ इकडे." मा फिलोमेनने अख्खं कोनफळ मांडीवर आडवं धरलं, सुरी तिरकी लावली आणि एका दमात डोकं वेगळं केलं. जांभळी बांगडी लांबट झाली. मग मान वळवून तिने सगळ्या बाजारावरून हाक मारली, "व्हेरोना, राखेचा डबा आण."

व्हेरोना ओट्यावरून हलली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. कापलेल्या तोंडांना लावायच्या राखेचा तो डबा तिच्याच पायाशी होता, जन्मभर तोच तिने सांभाळला होता. तो उचलून नेऊ नये असं तिला फार वाटलं. पण त्याहून जास्त तिला ती बाई जवळून बघायची होती. सकाळपासूनच बघायची होती, फक्त कारण वेगळं होतं. ती डबा घेऊन निघाली.

जवळ गेल्यावर सेराफीनने तिच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला, भीतभीत. पुढच्या दोन दातांत फट होती. पा ट्रक घेऊन जायचे ते व्हेरोनाला आठवलं, दर बुधवारी, आणि तिकडे पोचल्यावर ते काय करत असतील हे तिने कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

तिने डबा खाली ठेवला. उभीच राहिली.

"तुमच्याकडे," तिने विचारलं, "कोकोत मीठ घालायचे का ते?"

"घालायचे," सेराफीन म्हणाली. "आई ओरडायची."

मा फिलोमेनचा राखेतला हात थांबला. "ओरडायची?"

"दर वेळी. नासवलात म्हणायची, सगळा कोको नासवलात."

"बरं झालं," मा फिलोमेन म्हणाली, आणि तिने पोत्यामागचं आणखी एक न कापलेलं कोनफळ ओढून सेराफीनच्या हातात दिलं. "काप आता. तिरकं."